नवसाची पपनसं

केसरीनाथ भोईरांच्या घरामागे, खाडीच्या बांधाला लागून, पपनसाचं एक झाड होतं. भिवंडीजवळच्या अंजूर गावातली शेतं एकामागून एक गेली, शेतांवर गोदामं उभी राहिली, गोदामांपुढे ट्रक येऊन थांबू लागले. पण त्या झाडाला कुणी हात लावला नाही. ते लावलं होतं केसरीनाथांच्या आईनं, बायजाबाईनं. सव्वीस जुलैच्या त्या मोठ्या पुरात खाडी चालत घरात आली, तेव्हा ते झाड खाऱ्या पाण्यात कमरेइतकं बुडून उभं होतं. पाणी ओसरल्यावर त्याची सगळी पानं गळाली. केसरीनाथ म्हणाले, "गेला झाड. आता जालाया काढा."

त्यांची बायको कमळ म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याचा त्यो ठरवील."

कमळ असं म्हणाली त्याला कारण होतं. तेव्हा तिच्या घरात आणखी एक झाड वाळत होतं. तिचा एकुलता एक मुलगा प्रितेश काल्हेरच्या गोदामांतून माल भरून टेम्पो चालवायचा. रेड्यासारखा धट्टाकट्टा गडी. पण त्या पावसाळ्यात त्याचे पाय सुजायला लागले, मग सकाळी उठल्यावर तोंड सुजायला लागलं. गावातले लोक त्याला म्हणायचे, "जारा झालास रं, बायको बरी जेवाला घालतंय!" बायको उन्नती बिचारी लाजून आत पळायची. जेव्हा दम लागायला लागला तेव्हा कळलं, की दोन्ही किडन्या गेल्या. मग आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवायला जायचं. पोराचा रंग मातीसारखा झाला.

कुणीतरी एक किडनी द्यायला हवी होती. केसरीनाथांना रक्तदाबाचं दुखणं, त्यांची चालेना. कमळची तपासली आणि जुळली. डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट समजावलं, पुन्हा पुन्हा विचारलं, की तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना? ती म्हणाली, "साहेब, सगला पोरगा पोटात वागवला तवा कोनी इचारला न्हाय. आता मूठभर द्यायची तर इतकं इचारताव!"

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती त्या निष्पर्ण झाडाखाली जाऊन उभी राहिली. आणि तिथं तिनं गणपतीला नवस बोलला. झाड जगू दे, पोर जगू दे. दोघं जगली तर या झाडाचं पहिलं टोपलं तुझ्यापुढे ठेवीन, आणि ते माझा प्रितेश खाईल.

भोईरांच्या घरात नवसाची एक रीत होती. ती बायजाबाईच्याही आधीपासूनची. नवस ज्याच्यासाठी बोलला, प्रसाद त्यानंच संपवायचा. सकाळी आंघोळ करून, दुसरं काही तोंडात घालायच्या आधी. एक फोडही टाकायची नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या जिभेला लावायची नाही. लावली, की नवस फाटला.

शस्त्रक्रिया माघ महिन्यात झाली. कमळ शुद्धीवर आली तेव्हा कुशीत आग पेटल्यासारखं दुखत होतं. तिनं पहिलं विचारलं, "लागली का?"

नर्स हसली. "मावशी, लागली काय म्हणता? जोडली मात्र, टेबलावरच लघवी सुरू झाली. सगळ्या डॉक्टरांच्या देखत."

कमळ डोळे मिटून पडून राहिली. ज्या वस्तूनं तिच्या पोटात इतकी वर्षं मुक्यानं काम केलं, ती एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेली, आणि दारात पाय ठेवताच ती कामाला लागली! नव्या सुनेलाही चार दिवस लागतात चूल ओळखायला. कमळनं तेव्हाच मनात धरलं, की आपल्याला पोटची लेक नव्हती, ती ही. हिला आपण प्रितेशच्या घरी दिली. आता ती तिथं नांदू दे.

आणि दोघं घरी आली त्या महिन्यात झाडाला पालवी फुटली. पालवीबरोबर फुलं आली. पपनसाच्या फुलाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. बांधावरून येणाऱ्या जाणाऱ्याची मान वळत होती.

किडनीचे डॉक्टर माधव वैशंपायन. मूळचे भिवंडीच्या ब्राह्मण आळीतले, आई अजून तिथंच. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कामाला, पण आठवड्यातून दोनदा संध्याकाळी भिवंडीत बसायचे. त्यांनी प्रितेशला घरी सोडताना सगळे नियम सांगितले होते. दुसऱ्याची किडनी शरीर परकी समजतं, तिच्यावर धावून जातं. त्याला आवरून धरणारी कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्यायची, जन्मभर. बाहेरचं खायचं नाही, पाणी उकळून प्यायचं, कच्चा पाला खायचा नाही. फळं जाड सालीची, घरी धुऊन, घरी सोलून.

"आणि ग्रेपफ्रूट नावाचं एक परदेशी फळ असतं, ते अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे मिळत नाही, तरी सांगून ठेवतो."

"जा मिलतच न्हाय," केसरीनाथ म्हणाले, "ता खातोय कशाला?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले.

भाद्रपदात झाड असं लगडलं की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. गणपती आले. कमळनं पहिलं टोपलं भरून मूर्तीपुढे ठेवलं. पोराच्या डोक्याएवढी फळं, हिरव्यावर पिवळी झाक मारणारी. दर्शनाला येणारा आधी देवाला बघायचा आणि मग टोपल्याला.

तिची चुलत जाऊ आनंदीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गो कमल, यातला येक दे की. माझे गौरीम्होरं ठेवाला."

"झाडावरचा ने. किती पन ने. टोपल्यातला न्हाय."

"का? टोपल्यातला काय जास्ती गोड हाय?"

"नवसाचा हाय त्यो. प्रितेशचा."

"मंग मी गौरीला सांगतंय, माझे थोरले जावंनी तुना दिला न्हाय."

"सांग, सांग. गौर माझी बी हाय. ती तुझा ऐकंल का माझा, ता बघू."

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रितेशचा प्रसाद सुरू झाला. सकाळी आंघोळ, मग कॅप्सूल, आणि लगेच पपनस. त्या कॅप्सूलला कुजक्या तेलासारखा वास यायचा. पाकीट फोडलं की प्रितेशला मळमळायचं. पपनसानं तो वास जिभेवरून धुऊन जाई. म्हणून प्रितेशलाही प्रसाद आवडला. तो स्वतःच सोलायचा. आधी देठाकडची टोपी उडवायची, मग उभ्या चिरा द्यायच्या, कापसासारखी जाड साल ओढून काढायची. आत गुलाबी फोडी. जाड सालीचं फळ म्हणजे हेच. याच्यापेक्षा जाड सालीचं फळ देवानं केलेलंच नाही. डॉक्टरांचा नियम आणि देवाचा नवस एकाच फळात बसले, याचं कमळला फार समाधान वाटे.

फोडीवरचं पांढरं कातडं मात्र ती टाकू द्यायची नाही.

"कडू हाय गो आये," प्रितेश तोंड वाकडं करायचा.

"परसाद हाय. टाकाचा न्हाय. गिल."

"देवानी पन सोलून खाल्ला असंल!"

"देवाला किडनी न्हाय बदलावी लागली. तू गिल."

आठवडाभर बरं गेलं. मग एके सकाळी प्रितेश बशीत चहा ओतायला गेला आणि चहा बशीबाहेर सांडला. त्यानं पुन्हा ओतला, पुन्हा सांडला. उन्नती बघत होती.

"हात का हलतो तुमचा?"

"झोप न्हाय झाली."

"झोपलेले तर घोरत व्हते."

पुढच्या दिवसांत हात जास्तच हलू लागला. शर्टाचं बटण लागेना. डोकं जड व्हायचं. पपनस सोलताना सुरी घसरायला लागली, म्हणून कमळ सोलून द्यायला लागली. उन्नतीनं हट्ट धरून भिवंडीत रक्त तपासून घेतलं, आणि तो कागद घेऊन चौघं रिक्षानं डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी कागद पाहिला, रक्तदाब मोजला, प्रितेशला हात पुढे धरायला सांगितले. बोटं पाण्यावरच्या पानासारखी थरथरत होती. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"किडनीचं काम मंदावलंय," ते म्हणाले. "याला दोन कारणं असू शकतात. एक, शरीर किडनीला नाकारतंय. तसं असेल तर औषध वाढवावं लागेल. दुसरं, औषधच जास्त होऊन किडनीला त्रास देतंय. तसं असेल तर कमी करावं लागेल. दोन्हींची लक्षणं सारखी आणि उपाय उलटे. रक्तात औषध किती आहे ते मुंबईहून तपासून घेऊ, मगच हात लावू. डोस तर बदललेला नाही. म्हणून मला पहिल्याची जास्त भीती वाटते."

मग त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंय?"

"न्हाय."

"कुणा वैदूचं? झाडपाल्याचं?"

"न्हाय, साहेब," कमळ म्हणाली. "देवाशपथ न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. भोईरांच्या घरात प्रसादाला खाणं म्हणत नसत. कडक उपासाच्या दिवशीसुद्धा प्रसाद घेतला तर उपास मोडत नाही. मग तो खाण्यात धरायचा कसा? उन्नतीच्याही डोक्यात ते आलं नाही, केसरीनाथांच्याही नाही.

घरी येताना कमळच्या कानात एकच शब्द घुमत होता. नाकारतंय. घरी आल्यावर ती मागच्या पायरीवर बसली आणि कुशीवरच्या व्रणावर हात ठेवून, जी वस्तू आता तिथं नव्हती तिच्याशी बोलू लागली.

"काय गो बाय, माझे घरात कधी तोंड उघरला न्हाय तू. तिथं काय कमी परला? माझाच पोरगा हाय त्यो. परका न्हाय. नांद गो. परत येवाला तुना घर न्हाय आता."

आणि तिला वाटलं, दोष लेकीचा नाही. दोष आपला. देवाचं देणं अजून पुरतं फिटलं नाही. टोपलं अर्धं भरलेलं आहे आणि आपण सावकाशीनं एकेक देत बसलोय. दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रितेशला दोन पपनसं द्यायला सुरुवात केली. एक सकाळच्या कॅप्सूलबरोबर, एक संध्याकाळच्या.

"आये, दोन?"

"लवकर संपव. देवाचा ठेवाचा न्हाय."

तो आईचं ऐकणारा मुलगा. थरथरत्या हातानं एकेक फोड तोंडात घालत राहिला, आणि ती समोर बसून, जणू औषध पाजतेय अशी, शेवटच्या कातड्यापर्यंत बघत राहिली.

मुंबईचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चौघांना बोलावलं. या खेपेला प्रितेशला रिक्षातून उतरताना बापाचा खांदा धरावा लागला.

डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या आकड्यावर बोट ठेवलं. "रक्तात औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त आहे," ते म्हणाले. "म्हणजे शरीर नाकारत नाहीये. औषधच किडनीला जाळतंय. प्रितेश, खरं सांग. कॅप्सूल जास्त घेतल्यास? विसरून दोनदा?"

"न्हाय, डॉक्टर."

"घाबरून? लवकर बरं व्हावं म्हणून?"

"मी देते हातात," उन्नती म्हणाली. "माझ्यासमोर गिळतात."

"साहेब," केसरीनाथ तापले, "पोरगा टेम्पो चालवतंय, पर दोनपर्यंत मोजता येतंय त्याला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. तेवढ्याच कॅप्सूल, आणि रक्तात दुप्पट? त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय जातं ते विचारलं. उन्नतीनं सगळं सांगितलं. चहा, भाकरी, भात, उकडलेली भाजी, उकळलेलं पाणी. त्यात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मग तपासणीतच चूक असेल. आज पुन्हा रक्त घेऊ."

सगळे उठले. कमळनं पिशवीत हात घातला आणि एक मोठं पपनस काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. टेबलावरचे कागद त्याच्या वजनानं दबले.

"आमचे झाडाचा हाय. तुमचे आयसाठी न्या," ती म्हणाली. आणि देवाच्या वस्तूत घोटाळा नको म्हणून तिनं पुढे सांगितलं, "खुशाल खा हां. झाडावरचा हाय, नवसाचा न्हाय. नवसाचा फकस्त प्रितेश खातो."

डॉक्टर फळ बाजूला सरकवत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"काय खातो?"

"परसाद."

"पपनस? कधीपासून?"

"गनपती गेल्यापासून. रोज सकाली."

"कॅप्सूलबरोबर?"

"बरोबरच," प्रितेश म्हणाला. "तोंडाचा वास जातो."

"रोज एक?"

कमळ म्हणाली, "पहिला येक. आता दोन."

डॉक्टर खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी त्यांनी ते फळ धरलं, जसं कुणी तान्ह्या मुलाचं डोकं धरावं.

"मावशी," ते म्हणाले, "मी तुम्हाला त्या परदेशी फळाचं नाव सांगितलं आणि त्याच्या आईचं नाव सांगायला विसरलो. ते ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाचं पोर. दूर कुठल्या बेटावर पपनसाचं आणि मोसंब्याच्या जातीचं झाड शेजारी शेजारी वाढलं, त्यांच्यापासून ते झालं. पोराचे गुण आईचेच. या गणपतीत माझ्या आईनं, माईनं, मला पपनस सोलून दिलं. मी खाल्लं. माझ्याही डोक्यात आलं नाही."

"पर फल काय करतंय?" केसरीनाथांचा विश्वास बसेना. "फलच हाय त्यो!"

डॉक्टर प्रितेशकडे वळले. "तू टेम्पो चालवतोस. जकात नाका माहीत आहे?"

"ता कोनाला म्हाईत न्हाय?"

"आपल्या आतड्याच्या भिंतीत तसाच एक नाका असतो. पोटात जाणारं औषध तिथं अडवलं जातं. शंभर गठ्ठे घेऊन गाडी आली तर निम्म्याहून जास्त तिथंच उतरवून फोडून टाकतात. पुढे रक्तात जातात तीस. आम्ही डोस देतो तो हे धरूनच देतो. तीस हवेत म्हणून शंभर पाठवतो. पपनस त्या नाकेदाराला झोपवतं. एक खाल्लं तरी तो दिवस-दोन दिवस उठत नाही. तू रोज खाल्लंस. नाका सताड उघडा. सगळीच्या सगळी गाडी आत."

बाहेर एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"म्हंजे ईख हाय त्यात?" कमळनं विचारलं.

"नाही, मावशी, विष नाही. चांगलं फळ आहे. ते पांढरं कातडं कडू लागतं ना? तो कडवटपणा नॅरिन्जिन नावाच्या द्रव्याचा. लिंबा-संत्र्याच्या कुळातली झाडं असली द्रव्यं करतात. त्यानं सूज उतरते, रक्तातली चरबी उतरते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून खात्रीनं सांगता येत नाही. नाकेदाराला झोपवण्यात त्याचा हात किती आणि त्याच रसातल्या दुसऱ्या द्रव्यांचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. दुसऱ्यांचाच जास्त असावा. पण आपल्याला भांडणाशी काय करायचंय? ज्याला गोळी नाही त्यानं खुशाल खावं. ज्याला अशी गोळी आहे त्यानं विचारल्याशिवाय तोंडाला लावू नये."

केसरीनाथ घसा खाकरून म्हणाले, "मी बी खातोय. झाडावरची."

"तुम्ही काय काय गोळ्या घेता? दाखवा."

खिशातून गोळ्यांची पाकिटं निघाली. डॉक्टरांनी त्यातलं एक बाजूला काढलं. "चरबीची ही गोळी याच नाक्यावरून जाते. तुम्हीही बंद."

"मना बी?" केसरीनाथ आ वासून बघत राहिले. "झाड माझे आयचा, नि खावाचा मीच न्हाय?"

त्या दुःखातही उन्नतीला हसू फुटलं.

डॉक्टरांनी आज संध्याकाळची कॅप्सूल थांबवायला सांगितली. पुढची कधी आणि किती, ते रोज फोनवर सांगतो म्हणाले. स्वतःच्या मनानं एकही कमी-जास्त करायची नाही. नाकेदार दोन-तीन दिवसांत जागा होईल. मग पुन्हा रक्त.

"किडनी ऱ्हाईल का, साहेब?" कमळनं विचारलं.

"वेळेवर कळलंय असं मला वाटतं. पण वचन देत नाही. रक्त सांगेल."

घरी आल्यावर कमळ झाडाकडे गेली. ऊन कलतं होतं. टेकू दिलेल्या फांद्यांवर फळं लोंबत होती, निमूट, जड. या झाडाला तिनं पाणी घातलं, शेणखत घातलं, याच्या सालीचा धूर करून डास हाकलले, तापातल्या पोराला याच्या फोडी चोखवल्या. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या झाडाला आपण ओळखतो. आणि ते आतल्या आत काय करतं, याचा तिला पत्ताच नव्हता. खारी माती आणि पाणी पिऊन त्यानं असं काही बनवलं होतं की ते माणसाच्या पोटात जाऊन, डोळ्यांना न दिसणाऱ्या भिंतीतल्या न दिसणाऱ्या राखणदाराच्या डोळ्यांवर हात फिरवतं, आणि तो झोपी जातो. कुणी शिकवलं याला? पोटात नाका आहे हे माणसाच्या जातीला कळायला इतकी वर्षं लागली. याला कसं कळलं?

तिनं खोडाला हात लावला आणि भीतीनं लगेच काढला. मग पुन्हा लावला.

माजघरात टोपलं होतं. तळाशी अजून फळं उरली होती. रात्रीच्या जेवणाआधीच त्यावरून घरात वाद पेटला.

"खाडीत सोर," केसरीनाथ म्हणाले.

"खाडीत?" आनंदीबाई बातमी ऐकून आली होती. "नवसाचा पानीत? नवस फाटंल ना भावजी!"

"मंग तू खा."

"मी? मना कशाला पाप? ज्याचा नवस त्यानीच खावाचा. बायजा काकीनी सांगून ठेवलाय."

प्रितेश भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "आये, तू सांग. तू सांगशील तर मी खाईन."

हेच ऐकायला नको होतं कमळला. तो खाईल, तिनं म्हटलं तर खरंच खाईल. एका बाजूला देवाला दिलेला शब्द, एका बाजूला पोराच्या पोटातली लेक. शब्द मोडला तर देव काय करील, माहीत नाही. पाळला तर पपनस काय करील, ते आता माहीत झालं होतं.

तिनं टोपलं झाकून ठेवलं. सकाळी तिनं आंघोळ केली, गणपतीच्या रिकाम्या चौरंगापुढे बसली, आणि देवाशी बोलली. मोठ्यानं बोलली, सगळ्या घरानं ऐकलं.

"ऐक रं बाप्पा. मी बोलले, प्रितेश खाईल. आता सांग, प्रितेश कोन? त्याचे पोटात जी हाय ती माझी. दोन व्हत्या, येक त्याचेकडं, येक माझेकडं. जुल्या बहिनी त्या. येकीनी खाल्ला नि येकीनी न्हाय, असा व्हतंय का? मी खाईन ता त्यानीच खाल्ला. तुना पटत नसंल तर मना शिक्षा कर. त्याला हात लावू नको."

मग तिनं उन्नतीला हाक मारली. "डाक्टरला फोन लाव."

उन्नतीनं फोन लावून तिच्या कानाला धरला.

"साहेब, मी कमल. पपनस मी खाऊ का? मना गोली न्हाय कसली."

"रक्तदाबाची नाही? दुखण्याची? कुठलीच नाही?"

"येक पन न्हाय."

"मग खा, मावशी. पण दिवसाला एकच. आणि उद्या कुठली गोळी सुरू झाली तर आधी मला विचारायचं."

"इचारीन. आता जन्मभर इचारीन."

आनंदीबाई दारात उभी होती. ती पदर सावरत म्हणाली, "असा पन व्हतंय म्हना. बायजा काकीच्या टायमाला किडनी बदलत नव्हते."

कमळ रोज सकाळी एक खाऊ लागली, पांढऱ्या कातड्यासकट. कडवट रस घशाखाली उतरताना ती डोळे मिटायची. तिला वाटे, आता हा माझ्या नाक्यावर पोचला. आता तिथला राखणदार पेंगतोय. पण माझ्याकडं मागून येणारी गाडीच नाही, मग झोपू दे बिचाऱ्याला. एकच फळ. एकाच घरात, एकाच पाटावर. तिथं आग, इथं गोडवा.

प्रितेशचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा मुंबईला गेलं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा उन्नती विहिरीवर होती, केसरीनाथांनी उचलला. ते नुसतं "हाय... हाय... बरा..." म्हणत राहिले. कमळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. फोन ठेवून ते खाली बसले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "उतरला. औषद उतरला, नि किडनी पयल्यासारखी काम करतंय. नांदतंय गो तुझी पोरगी."

कमळ उठली. तिनं कुशीवर हात ठेवला, आणि मागच्या दारातून झाड दिसत होतं तिकडे हात जोडले. देवाला जोडले की झाडाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

टोपल्यात एकच फळ उरलं होतं, तेव्हाची गोष्ट. कमळ सकाळी सुरी घेऊन पायरीवर बसली तर प्रितेश येऊन शेजारी बसला.

"आन इकडं."

"तू खावाचा न्हाय."

"खात न्हाय गो. सोलतोय."

तिनं फळ त्याच्या हातात दिलं. त्यानं टोपी उडवली, उभ्या चिरा दिल्या, साल ओढून काढली. मग एक फोड वेगळी केली आणि तिच्यावरचं कातडं नखानं अलगद सोडवायला लागला. ते काम अवघड. जरा हात हलला की फोड फुटते आणि रस बोटांवर येतो. कमळ श्वास धरून त्याच्या बोटांकडे बघत होती. कातडं सबंध निघालं. आतला एकही गुलाबी दाणा फुटला नव्हता.

त्यानं फोड तिच्या तळहातावर ठेवली. कातडं फेकायला हात उचलला.

"ए! ता पन दे," ती म्हणाली.

"कडू हाय आये."

"म्हाईत हाय. दे."